दरवाज्याचा भाव

मुनशी,

तुझ्या तेराव्याला जेवलो, हात धुतले, आणि घरी न जाता सरळ गावाच्या जुन्या तटातल्या आपल्या दरवाज्यापाशी गेलो. म्हटलं, माझं दुकान जिथं होतं तिथं जरा उभं राहावं. पण तिथं आता रस्ता आहे. भर वाहतुकीत थांबलेला म्हातारा बघून एक रिक्षावाला ओरडला, "चाचा, मरना है क्या? बाजू होव ना!" मी त्याला छावणीच्या बाजारातली एक अस्सल शिवी हासडली आणि बाजूला झालो. माझ्याच गादीच्या जागेवरून मला हुसकून लावलं. याला कारण तू. तू मेलास म्हणून त्यात काही फरक पडत नाही.

माधुरी म्हणाली, "काका, बाबांवर थोडं लिहून द्या. पेपरवाले छापणार आहेत."

मी म्हटलं, "पोरी, मी लिहीन ते तुला आवडायचं नाय."

"आवडावं म्हणून सांगतच नाही. बाकीच्यांनी इतकं गोड लिहिलंय की बाबा त्यात सापडत नाहीत."

तुझीच लेक. तेव्हा तुझी नोकरी, तुझा हुद्दा, तुझे सत्कार हे बाकीच्यांकडं. मी आपल्या दोघांतलंच लिहितो. शिवाय मला घाई आहे. परवा व्यापाऱ्यांची बैठक आहे. ज्या दरवाज्यासाठी तू माझं दुकान घेतलंस, तो दरवाजाच आता पाडावा अशी मागणी करायची त्यांच्या मनात आहे. सगळे माझ्याकडं बघणार आहेत. त्याआधी तुझ्याशी चालू असलेलं भांडण मला एका कडेला न्यायचंय. दरवाज्याचं नाव इथं लिहीत नाही. गावात ज्याला कळायचं त्याला कळेल.

तुला आठवतं, तू बाजारात आलास तेव्हा तुझ्या अंगावर वडिलांची शेरवानी होती? पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं होतं. कचेरीतला उर्दूचा कारभार आटोपला आणि उर्दूशिवाय दुसरी लिखापढी न केलेले तुझे वडील घरी बसले. घरात खाणारी तोंडं बरीच. मग तू छावणीच्या गुरांच्या बाजारात पेटी घेऊन बसायला लागलास. बैल विकला की त्याची पावती लिहायची: रंग, शिंगं, दात, खूण. अक्षर असं की बैलाची पावती लग्नाच्या पत्रिकेसारखी दिसायची. बाजारानं तुला मुनशी म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

मी दौलताबादेहून सीताफळाच्या पाट्या डोक्यावर घेऊन येणारा कुणब्याचा पोरगा. पाट्या सोडून हुसेनचाचाच्या हाताखाली दलाली शिकत होतो. तुझ्यासारखा शिकलेला माणूस गुरांच्या शेणात बसलेला बघून मला आधी हसूच आलं.

"काय मुनशी, पायताण खराब व्हईल ना."

"होऊ दे. तुझ्याकडं तर पायताणच नाही, तुला काळजी कशाची?"

तिथून आपली दोस्ती सुरू झाली. तू मला लिहायला शिकवलंस आणि मी तुला रुमाल शिकवला.

आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा नि देणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि बोटं दाबून भाव ठरतो. भोवती माणसांचं कडं असलं तरी तिसऱ्याला काही कळत नाही. हुसेनचाचा म्हणायचा, "उंगली दबाया तो दबाया. मुँह कायकू खोलता?" रुमालाखाली जे झालं ते कधीही तोंडानं सांगायचं नाही, हा पहिला कायदा. समोरच्यानं मूठ वळली म्हणजे माल विकायचा नाही, उगाच घासाघीस करू नको. आणि एक खूण क्वचित वापरायची, सख्ख्या भावांत किंवा जिवलगांत. सगळा पंजा उघडून समोरच्याच्या हातात द्यायचा. म्हणजे तू सांगशील तो भाव, मला मंजूर. चाचा त्याला म्हणायचा, "तेरा ईमान, मेरा भाव."

आपण हा रुमाल बाजारातून घरी आणला. सिनेमा कुठला बघायचा, खुलताबादला सायकलवर जायचं की बशीनं, पोरांना कुठल्या शाळेत घालायचं, सगळं रुमालाखाली. तुझ्या लग्नानंतर वहिनी पहिल्यांदा हे बघून घाबरल्या. मग चिडून म्हणाल्या, "तुम्हा दोघांना देवानं तोंडं दिली नाहीत का?" तू म्हणालास, "दिलीत. पण ती भांडायला ठेवलीत."

आणि भांडलो तरी किती! तुला नगररचनेच्या कचेरीत नोकरी लागली, तू नकाशे काढायला लागलास आणि बिघडलास. रोज संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून मला या गावाचा इतिहास ऐकवायचास. दुकान दरवाज्याला अगदी खेटून. दोर, गुरांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या, घुंगरं, झुली असला माल. तू बैलाच्या झुलीवर बसून राजधान्यांच्या गोष्टी सांगायचास. खडकी नावाचं गाव होतं, तिथं नहरीनं पाणी खेळवलं, बादशहा आला, तट बांधले, अख्खं दख्खन इथून हाललं. मग राजधानी हैदराबादला गेली आणि हवेल्यांत शेळ्या बांधायची पाळी आली.

मी म्हणायचो, "व्हती राजधानी. गेली. मेलेल्या म्हशीचं दूध किती दिवस सांगणार, मुनशी?"

"राजधानी म्हणजे महाल नाही, भानू. लांबलांबची माणसं जिथं आपली फिर्याद घेऊन येतात ती राजधानी. हे दरवाजे त्याकरता आहेत. माणसं पुन्हा येतील, तेव्हा ती आत शिरणार कुठून?"

"मोकळ्या रानातून. तट पडलाय की तुझा. जनावरंबी आता दरवाज्यातनं येत नाय."

"तू आलास ना पाटी घेऊन. पहिल्यांदा सावली कुठं मिळाली तुला?"

खरंच मी त्या कमानीखाली पाटी उतरवून घाम पुसला होता. पण तुला तसं कबूल करणं म्हणजे भाव पाडून घेणं. मी चहा मागवायचो.

आणि मग तो रस्ता आला. गाव वाढत होतं. विद्यापीठ झालं, कारखाने आले, मोटारी आल्या, बैलगाड्यांसाठी केलेले रस्ते पुरेनात. रुंदीकरणाची मोजणी तुझ्याकडं. कुणीही म्हणावं, भानूचं नशीब, मुनशी त्याचाच माणूस. मीही तेच म्हणत होतो. सकाळी तू साखळीवाल्यांना घेऊन आलास आणि चुन्याची रेघ मारत निघालास. रेघ सरळ येत होती, दरवाज्याच्या कमानीवर आदळणार होती. तिथं ती वळली. दरवाज्याला वळसा घालून रेघ माझ्या दुकानात शिरली, गादीवरून गेली आणि पलीकडं निघाली.

मी तुझ्याजवळ आलो. खांद्यावरचा रुमाल काढला.

"मुनशी, हात दे."

"इथं नको, भानू. माणसं बघतायत."

"म्हणूनच तर रुमाल हाय."

तू हात दिलास. रुमालाखाली काय झालं ते तोंडानं सांगायचं नाही हा कायदा आहे, पण तू गेलास, आता मी तो मोडतो. मी तुझं एक बोट दाबलं: रेघ एक हात सरकव. तू मूठ वळलीस. मी अर्ध्या बोटावर आलो, निम्मंच दुकान ठेव. मूठ. मी तुझी मूठ उघडायला बघत होतो आणि तू ती घट्ट धरून होतास. तुझा हात घामानं भिजला होता, हेही सांगतो, कारण तुझ्या बाजूचं आहे.

मग मी तोंड उघडलं. "त्या कमानीखाली कुत्री झोपतात, मुनशी. माझ्या दुकानावर माझी लेकरं जेवतात."

तू म्हणालास, "दुकान दुसरीकडं होईल. दरवाजा दुसरीकडं होणार नाही."

चूक की बरोबर याचा वाद मी आजही घालू शकतो. पण तू ते नकाशातलं वाक्य बोलावं तसं बोललास. माझा संसार मोडताना तुझा आवाज चढायला पाहिजे होता, निदान कापायला पाहिजे होता. मी रुमाल खांद्यावर टाकला आणि पाठ फिरवली. त्यानंतर तुझ्याशी बोललो नाही.

पुढचं गावाला माहीत आहे. दुकान गेलं, गावात तेवढी जागा मिळेना, म्हणून मी जालना रोडला माळरानात टपरी टाकली. लोक हसले. तिथं संध्याकाळी कोल्ही ओरडायची. दोर कोण घेणार तिथं? मग मी मोटारी नि पंप ठेवले, पैठणच्या धरणाचं पाणी यायचं ठरलं तेव्हा पाइप ठेवले, वसाहती पडायला लागल्या तेव्हा सिमेंट. कोल्ह्यांच्या जागी बंगले उभे राहिले. दोर विकणारा सिमेंट विकायला लागला, यातच या गावाचा निम्मा इतिहास आला, तुझ्या बादशहाची गरज नाही.

आणि हे मला पक्कं कळत होतं की तुझी रेघ माझ्या गादीवरून गेली नसती तर मी अजून म्होरक्याच विकत बसलो असतो. तुलाही कळत असणार. पण तू एकदाही कुणाजवळ तसं बोलून दाखवलं नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर रोज चौकात उभा राहून सांगितलं असतं की या माणसाला मी शेठ केला. तुझ्या या गप्प बसण्याचा मला राग यायचा. आज त्याबद्दल तुला हात जोडावेसे वाटतात, आणि राग यायचा तो येतोच.

नव्या घराच्या वास्तुशांतीला तू आलास. मी बोलावलं नव्हतं, बायकोनं बोलावलं होतं. फाटकाशी नारळ घेऊन उभा होतास. मी मांडवात होतो, कुणा इंजिनिअरशी सळयांवर बोलत. तुला बघितलं आणि सळयांवरच बोलत राहिलो. म्हटलं, येऊ दे त्याला दहा पावलं पुढं. तू म्हणत असशील, येऊ दे त्याला फाटकापर्यंत. नारळ तू माझ्या बायकोच्या हातात दिलास. "दारं मजबूत केलीत भानूनं," म्हणालास म्हणे, आणि गेलास.

हायकोर्टाचं खंडपीठ आपल्या गावात आलं तेव्हा फटाके वाजले. परभणी, नांदेड, बीडची माणसं कागदांच्या पिशव्या घेऊन स्टँडवर उतरायला लागली. एक शेतकरी माझ्या दुकानात आला, "कोर्टाला कुठून जाऊ, मालक? लई लांबून आलोय," म्हणून विचारायला लागला. मी त्याला रस्ता दाखवला आणि एकदम तुझं वाक्य डोक्यात आलं. माणसं पुन्हा फिर्याद घेऊन आली होती, मुनशी. तू म्हणाला होतास तसं. मी टेलिफोन उचलला. नंबर मला पाठ होता. मग वाटलं, पहिला फोन मी केला तर इतक्या वर्षांचा माझा भाव काय राहिला? ठेवून दिला. त्या दिवशी तूही टेलिफोनजवळ बसला होतास, हे वहिनींनी मला परवा सांगितलं. बसला होतास तर उचलायचा नाहीस? तुझाही भावच आडवा आला ना? बाजारात मी तुला नको ते सगळं शिकवलं.

मग पंधराएक दिवसांपूर्वी माधुरी दुकानावर आली. गिऱ्हाइकाच्या पुढं येऊन उभी राहिली.

"काका, बाबांची वाचा गेलीय. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. तुम्ही या."

"त्यानं बोलावलंय?"

"वाचा गेलीय म्हणतेय ना मी! बोलावतील कसे?"

भर दुकानात झापलं मला. मी चपला घातल्या.

दवाखान्यात दुपारचं ऊन तुझ्या पलंगावर आलं होतं. तू एवढासा झाला होतास. वहिनींनी माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि तुझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अहो, भानूभाऊजी आलेत." तू डोळे उघडलेस. मी तयारी करून आलो होतो. म्हटलं, आधी दुकानाचा विषय काढायचा, मग वास्तुशांतीचा. पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं? मी स्टुलावर बसलो. आणि चादर हालली. तुझा हात चादरीखालून सरकत सरकत माझ्याकडं यायला लागला.

वहिनी रडता रडता हसल्या. "मेली सवय काही जात नाही."

मी चादरीखाली हात घातला. मला वाटलं, एखादं बोट धरशील. तू सगळा पंजा उघडून माझ्या हातात दिलास.

तेरा ईमान, मेरा भाव.

आयुष्यभर मी ज्याची वाट बघत होतो तो सौदा तू माझ्यापुढं टाकलास. मी मागेन ते. आणि मी काय केलं सांगू? माझ्या धंद्यात पहिल्याच बैठकीला भाव सांगणारा माणूस मूर्ख ठरतो. समोरचा कितीही मोकळा झाला तरी उठायचं, घरी जायचं, विचार करायचा, दुसऱ्या दिवशी यायचं. हे माझ्या रक्तात मुरलंय. मी तुझा हात थोपटला आणि म्हणालो, "उद्या बोलू, मुनशी."

तू माझ्याकडं बघत राहिलास. मला वाटतं, हसलास. बाजार ओळखणारा माणूस तू, तुला कळलं असणार की हा गाढव उठून चाललाय.

घरी येऊन मी विचार केला. माफी मागायला लावू? ती तुझ्या डोळ्यांत होतीच, आणि ती घेऊन मी करणार काय? माझं दुकान होतं तसं मागू? ते तू कुठून देणार? विचार करता करता लक्षात आलं की मला फक्त एक संध्याकाळ हवी होती. तू झुलीवर बसलेला, राजधानीची गोष्ट चाललेली, मी तुला मेलेल्या म्हशीवरून टोचतोय, चहा यायचाय. तेवढंच सांगायला सकाळी निघालो होतो. चपला घालत होतो तेव्हा माधुरीचा फोन आला.

उद्या बोलू म्हणालो होतो. त्या उद्याचं मी आता काय करू?

काल कन्हैयाशेठ घरी आला. आपल्या व्यापाऱ्यांचा आताचा अध्यक्ष, वयानं माझ्या मुलासारखा. पाया पडला, तुझ्याबद्दल हळहळला, मग मुद्द्यावर आला.

"काका, ट्रक अडकतात. दोन्हीकडनं रस्ता आणि मध्ये तो दरवाजा, बेटावानी. काढायची मागणी करू. तुम्ही उभं राहून एक शब्द टाकला की झालं. तुमचं तर जुनंच दुखणं हाय."

ट्रक अडकतात हे खरं आहे. माझेही अडकतात. ड्रायव्हर शिव्या देतो आणि डिझेल माझं जळतं. याआधी कुणी विचारलं असतं तर कदाचित मीच पहार हातात घेतली असती. पण त्यानं 'जुनं दुखणं' म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. दुखणं माझं आहे. मी ते इतकी वर्षं सांभाळलंय. दुसऱ्याच्या कुदळीला दांडा हवा म्हणून ते मी देणार नाही.

मग थंड डोक्यानं हिशोब मांडला, तू म्हणायचास तसा, कुणब्याचा हिशोब. या गावात त्या दरवाज्याची किंमत कुणी भरली? बादशहानं बांधला असेल, त्याच्या तिजोरीतून. तू वाचवलास, नकाशावर रेघ वळवून. पण त्यासाठी खिशातून गेलं ते माझं. माझी गादी, माझी पायरी, तुझ्याबरोबरच्या सगळ्या संध्याकाळी, एवढं त्या कमानीपायी मोजलंय मी. आज ती पाडली तर ते सगळं फुकट गेलं. ज्या मालाची इतकी किंमत मी भरली तो माल मला न विचारता कोण विकतो?

तेव्हा परवा मी बैठकीला जाणार आहे. कन्हैयाशेठ मला पुढच्या खुर्चीवर बसवेल, माइक देईल. मी माइक घेणार नाही. खांद्यावरचा रुमाल काढीन आणि त्याला म्हणेन, "ये, हात दे." पोरगा गोंधळेल. त्याचा आजा छावणीत बैल घ्यायचा, त्याला कुणी तरी सांगेल हात कसा द्यायचा. तो मला एक बोट दाबील, दोन दाबील, सगळा पंजा धरून बघेल.

मी मूठ वळीन, मुनशी: हा दरवाजा विकायचा नाही. तू वळली होतीस तशीच, घट्ट. माझाही हात घामानं भिजेल, कारण समोर माझीच माणसं असतील आणि ट्रक माझेही अडकत राहतील. तुझी रेघ माझ्या गादीवरून गेली याची तक्रार मी मागं घेतलेली नाही. वर भेटलास की ती पहिली काढीन. पण तू पंजा उघडून दिला होतास, आणि भाव सांगायचा माझ्याकडून राहिला होता. तो हा घे.